शेतीचं सरकारी अनुदान: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या दिवशी आमच्या अंगणात नवा रोटाव्हेटर आला. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, शेजारीपाजारी पेढे वाटले. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज केलेला होता, सोडतीत नाव लागल्याचा मेसेजही आला होता. विक्रेता म्हणाला, "मुहूर्त कशाला चुकवता? घेऊन जा. पूर्वसंमती येईल मागून, बिल त्यानंतरच्या तारखेचं करून देतो." वडिलांनी विश्वास ठेवला, मीही ठेवला. पुढे पूर्वसंमती आली, बिल जोडलं, मोका तपासणीला कृषी सहायक घरी आले. त्यांनी आधी पाती पाहिली. ती एका हंगामाची घासलेली होती. मग वॉरंटी कार्ड मागितलं. त्यावर तारीख दसऱ्याची. अर्ज तिथेच बाद झाला.

त्या कृषी सहायकांचं काहीच चुकलं नव्हतं. नियम पहिल्यापासून एकच आहे: आधी पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची सरकारी मंजुरी, मग खरेदी. आम्ही तो उलटा केला आणि हक्काचे पैसे घालवून बसलो. त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांचे अर्ज भरायला मी सोबत बसलो. अनुदान हुकतं ते बहुतेक वेळा पात्रता नसल्यामुळे नाही, तर क्रम चुकल्यामुळे किंवा कागदावरचं नाव न जुळल्यामुळे, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून हा लेख योजनांची यादी देण्यापेक्षा क्रम सांगण्यासाठी आहे. शहरातली नोकरी सोडून गावी आलेले, वडिलांनंतर पहिल्यांदाच शेतीचे कागद हातात घेतलेले, नवऱ्यामागे शेती सांभाळणाऱ्या बायका, असे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

अनुदान म्हणजे नक्की काय मिळतं

"सरकार फुकट पैसे देतंय" हे वाक्य आधी डोक्यातून काढा. शेतीच्या बहुतेक योजनांत आधी तुम्ही खिशातले पैसे घालता, वस्तू घेता, ती तपासली जाते आणि मग मंजूर हिस्सा तुमच्या बँक खात्यात येतो. मधल्या काळात पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची असते. पैसे जमा व्हायला काही महिने लागू शकतात, आणि निधी आला नाही तर त्याहून जास्त. हा हिशेब न करता सावकाराकडून उचल घेतली तर व्याजातच अनुदान संपतं.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. ठिबक आणि तुषार सिंचनाचं उदाहरण घ्या. 'प्रति थेंब अधिक पीक' या केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घालते. म्हणजे लहान शेतकऱ्याला ८० टक्के आणि मोठ्याला ७५ टक्के. पण ८० टक्के कशाचे? तुमच्या बिलाचे नव्हे, सरकारी मापदंडाप्रमाणे त्या क्षेत्राला आणि लॅटरलमधल्या (शेतात अंथरायच्या ठिबकच्या नळ्यांमधल्या) अंतराला जो खर्च मंजूर आहे, त्याचे. समजा तुमचं बिल १ लाख ३० हजारांचं झालं आणि मापदंडानुसार खर्च १ लाख बसतो, तर ८० हजार मिळतील आणि वरचे ५० हजार तुमचे. विक्रेता "फक्त वीस टक्के भरा" म्हणतो तेव्हा हा फरक विचारून घ्या.

अवजारांतही "टक्के किंवा रक्कम, जे कमी असेल ते" ही ओळ नीट वाचा. महाराष्ट्रात ट्रॅक्टरसाठी बरीच वर्षं अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के किंवा १ लाख २५ हजार, आणि इतरांना ४० टक्के किंवा १ लाख अशी मर्यादा राहिली आहे. सात लाखांच्या ट्रॅक्टरचे ५० टक्के म्हणजे साडेतीन लाख, असं गणित घरात मांडलं गेलं तर पुढे फार मोठा अपेक्षाभंग होतो. मर्यादेचे आकडे बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे आकडे तालुका कृषी कार्यालयात विचारा.

पहिलं काम: सातबारा समोर घेऊन बसा

पोर्टल उघडण्याआधी एक संध्याकाळ कागदांना द्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, सोबत ८अ काढा. सातबारा एका गटाचा असतो. ८अ म्हणजे त्या गावातली तुमच्या खात्यावरची सगळी जमीन. आता हे पाहा.

क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. १.२०.०० म्हणजे १ हेक्टर २० आर, आपल्या भाषेत साधारण तीन एकर. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. १ हेक्टरपर्यंत जमीन असेल तर तुम्ही अत्यल्प भूधारक, १ ते २ हेक्टर असेल तर अल्प भूधारक. यावरच टक्केवारी ठरते.

मग मालकाचं नाव. आमच्या मावशींच्या बाबतीत गाडं इथेच अडलं. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, शेत मावशीच कसत होत्या, आणि सातबाऱ्यावर काकांचंच नाव. "माझ्याच शेतासाठी मलाच अर्ज करता येत नाही होय रे?" असं त्या मला विचारत होत्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशा वेळी आधी वारस नोंद करावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्यांकडे अर्ज द्यायचा, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करायचा. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) धरला की हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे काम अनुदानाची घाई नसतानाच करून ठेवा. ज्या घरात कर्ता माणूस गेला आहे त्या प्रत्येक घराला माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. योजना दर वर्षी येतात, पण नोंद नसेल तर एकही तुमच्यासाठी नसते.

सामायिक खातं असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. भाऊ पुण्या-मुंबईला असतील तर गणपतीला किंवा दिवाळीला घरी आले की सह्या घेऊन ठेवा.

ठिबकसाठी विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे का, तेही पाहा. नसेल तर तलाठ्यांकडून करून घ्या. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाच्या मोबाइलवरच्या सरकारी नोंदीत, चालू हंगामाचं पीक नोंदवलेलं असू द्या.

शेवटी नाव जुळवा. आधारवर 'सखुबाई', सातबाऱ्यावर 'सखू', पासबुकावर आडनाव आधी. आपल्याला तिन्ही एकच, संगणकाला तिघी वेगळ्या. जिथे दुरुस्ती सोपी आहे तिथे करा. बहुतेक वेळा आधार आणि बँक खातं सातबाऱ्याशी जुळवणं हे सातबारा बदलण्यापेक्षा लवकर होतं.

बँक खात्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. "माझं आधार बँकेला जोडलंय" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी फक्त केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिलेली असते. थेट लाभाचे पैसे येण्यासाठी खातं आधारशी 'सीड' झालेलं असावं लागतं, म्हणजे तुमच्या आधारवर आलेले पैसे कोणत्या बँकेत टाकायचे याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे) असावी लागते. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी (थेट लाभासाठी) आधार सीडिंग करा" असं स्पष्ट शब्दांत सांगा आणि फॉर्म भरा. एका वेळी एकाच खात्याला ही नोंद असते. मध्येच कुठल्या नव्या बँकेत खातं उघडून तिथे सीडिंग दिलंत, तर पैसे तिकडे जातील. असे पैसे शोधत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत.

शेतकरी ओळख क्रमांक आणि महाडीबीटी

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे बोलीभाषेत फार्मर आयडी, सक्तीचा आहे. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदीच्या सरकारी प्रकल्पात आधार आणि सातबारा जोडून हा ११ अंकी क्रमांक मिळतो. सामायिक सेवा केंद्रात किंवा स्वतःच्या मोबाइलवरून नोंदणी करता येते. नोंदणी करताना तुमचे सगळे गट जोडले गेलेत ना, हे तिथेच बसून तपासा. एक गट सुटला आणि त्याच गटात ठिबक करायचं असेल तर पुढे अडचण येते. या क्रमांकामुळे सातबारा आणि ८अ प्रत्येक अर्जाला नव्याने जोडण्याचं काम बरंच कमी झालं आहे. तरीही ताज्या प्रती फाइलमध्ये असू द्या.

महाडीबीटीच्या शेतकरी योजना विभागात हा क्रमांक टाकला की आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून तो मोबाइल नंबर चालू हवा आणि घरातल्याच कुणाचा तरी हवा. सेवा केंद्रवाल्याचा किंवा विक्रेत्याचा नंबर कुठेही देऊ नका. निवडीचा मेसेज, त्रुटीचा मेसेज, मुदतीचा मेसेज, सगळं त्या नंबरवर जातं.

आत गेल्यावर कृषी यांत्रिकीकरण, सिंचन साधने व सुविधा, फलोत्पादन, बियाणे-औषधे-खते असे विभाग दिसतात. सगळ्यांसाठी अर्ज एकच. त्यात हव्या त्या बाबी जोडायच्या, त्यांना प्राधान्यक्रम द्यायचा आणि अर्ज सादर करायचा. शुल्क २३ रुपये ६० पैसे. इथे कोणी दोन हजार मागत असेल तर ते सरकारचे नाहीत. सेवा केंद्रवाल्याने भरून दिलं तर त्याच्या मेहनतीचे थोडे पैसे देणं वेगळं, पण शुल्काची पावती तुमच्या हातात हवी.

प्राधान्यक्रम विचार करून द्या. दिसेल त्या प्रत्येक बाबीवर टिक करणारे बरेच आहेत. निवड झाल्यावर वस्तू घ्यायला पैसे नसतात, मुदत टळते, अर्ज रद्द होतो आणि मागच्याची संधीही लांबते. या हंगामात खरोखर लागणारी आणि खिशाला झेपणारी एक-दोन अवजारं पुरेत. बैलजोडीने भागणाऱ्या दीड एकराला ट्रॅक्टर नको, त्याला चांगला फवारणी पंप आणि ठिबक जास्त उपयोगी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वी संगणकीय सोडत निघायची. २०२५ मध्ये ती पद्धत बदलून 'प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य' आलं. त्यामुळे नशिबाचा भाग कमी झाला आणि तयारीचा वाढला. कागद तयार असलेला माणूस पुढे राहतो. वर्षानुवर्षं सोडतीची वाट पाहून कंटाळलेल्यांनीही आपला जुना अर्ज कोणत्या स्थितीत आहे, ते लॉगिन करून एकदा पाहावं.

निवड झाल्यापासून पैसे येईपर्यंत

निवडीचा मेसेज म्हणजे मंजुरी नव्हे. आमच्या घरात झालेली चूक इथलीच. निवड झाल्यावर दिलेल्या मुदतीत कागद अपलोड करायचे: अधिकृत विक्रेत्याचं दरपत्रक म्हणजे कोटेशन, अवजार असेल तर त्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल, लागू असेल तर जातीचा दाखला, सामायिक क्षेत्र असेल तर संमतीपत्र. मोबाइलने काढलेले तिरपे, सावली पडलेले फोटो टाकू नका. वाचता न आल्यामुळे परत आलेले अर्ज मी मोजायचं सोडून दिलं आहे.

चाचणी अहवालाकडे विशेष लक्ष द्या. तो तुम्ही घेणार त्याच मॉडेलचा हवा. दुकानात "हाच चालतो" म्हणून दुसऱ्या मॉडेलचा कागद देतात आणि तपासणीत मॉडेल क्रमांक जुळत नाही.

छाननी झाली की पूर्वसंमती पत्र पोर्टलवर येतं. ते डाउनलोड करा, छापा, आणि त्यावरची मुदत लाल पेनाने अधोरेखित करा. पत्राच्या तारखेनंतर आणि मुदतीच्या आत खरेदी. पैसे शक्यतो तुमच्याच खात्यातून ऑनलाइन किंवा चेकने द्या म्हणजे व्यवहाराचा पुरावा राहतो. बिल जीएसटीचं, तुमच्या नावाचं, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेलं घ्या. अनुक्रमांक बिलावर आणि अवजारावरच्या पाटीवर एकच आहे का, हे दुकानातून निघण्याआधी स्वतः वाचून पाहा.

बिल अपलोड केलं की मोका तपासणी होते. कृषी सहायक येतात (२०२५ मध्ये त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालं, पण गावात अजून जुनंच नाव चालतं). ते अवजाराचा किंवा ठिबकच्या संचाचा ठिकाणासह फोटो घेतात. ठिबक असेल तर संच जोडून, पाणी सोडून दाखवावा लागतो. नळ्यांचं बंडल झाडाखाली ठेवून तपासणी होत नाही. तपासणीच्या दिवशी अर्जदाराने स्वतः हजर राहावं. त्यानंतर रक्कम थेट खात्यात.

महाडीबीटीच्या बाहेर किंवा तिच्याशेजारी

सगळं अनुदान मागाहून येतं असंही नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकरी १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी ५ टक्के हिस्सा भरतात, उरलेला भार सरकार उचलतं. अर्ज महावितरणकडे. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर ७.५ अश्वशक्तीचा पंप. पाण्याचा स्रोत हवा आणि त्याला आधीची वीजजोडणी नसावी.

फळबाग लावायची असेल तर जॉबकार्ड असणाऱ्यांनी आधी रोजगार हमीतून विचारावं. ज्यांना तिथे बसत नाही त्यांच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत, उर्वरित महाराष्ट्रात २० गुंठ्यांपासून ६ हेक्टरपर्यंत. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचा हप्ता मिळायला झाडं जगलेली असावी लागतात. म्हणून पाण्याची सोय नसताना केवळ अनुदानासाठी आंबा लावू नका.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातीसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, वीजजोडणी हे सगळं त्यात येतं. यांचं काम जिल्हा परिषदेचा कृषी विभाग बघतो. पात्र असूनही या योजना माहीत नसलेली घरं मला आजही भेटतात, आणि ते फार लागतं. तुमच्या वस्तीत असं कोणी असेल तर त्यांना पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांपर्यंत स्वतः घेऊन जा.

काजू प्रक्रिया, पापड, मसाले, गूळ, बेदाणा असा छोटा उद्योग डोक्यात असेल तर पीएमएफएमई, म्हणजे केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजना पाहा. बँक कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. हे पैसे हातात येत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं राखून ठेवले जातात आणि कर्ज नीट फेडलं तर त्यात वळते होतात. जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल बनवण्यापासून बँकेपर्यंत त्या मदत करतात, आणि त्यांचं मानधन सरकार देतं. तुमच्याकडून पैसे घेण्याचं त्यांना कारण नाही.

फसवणूक ओळखण्याची एकच कसोटी

पात्रता तपासायच्या आधी पैसे मागणारा माणूस फसवतोय. सौर पंपाच्या नावाने बनावट संकेतस्थळं निघाली, त्याबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने पुन्हा पुन्हा सावध केलं आहे. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) येते. ती उघडली की मोबाइलचा ताबा जातो. कोणतीही सरकारी योजना अशी फाइल पाठवत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत खातं गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

अर्ज अडकला तर

आधी लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहा. त्रुटी दाखवली असेल तर ती तुमच्याच हातात आहे. स्थिती पुढे सरकत नसेल तर अर्ज क्रमांक, पूर्वसंमती आणि बिलाच्या प्रती घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. नुसतं तोंडी विचारू नका, साध्या कागदावर विनंती अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच असलेला कागद साहेब बदलले तरी बोलतो. त्यानेही भागलं नाही तर 'आपले सरकार' तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिथे उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत आहे. १० रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. त्यात "माझं काम का होत नाही" असं न विचारता "अर्ज क्रमांक अमुक, दिनांक तमुक रोजी कोणाकडे होता, त्यावर काय शेरा आहे, त्याची प्रत द्यावी" असं विचारा. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं येतं. शेतीच्या कोणत्याही शंकेसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पैसे जमा झाले की फाइल फेकू नका. ठिबकचा लाभ एकदा घेतला की त्याच क्षेत्रावर पुन्हा सात वर्षं मिळत नाही, आणि अनुदानाचं अवजार लगेच विकता येत नाही. नंतरही कधीतरी कोणी तपासायला येऊ शकतं. आमच्या घरी आता एक निळी फाइल आहे. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा अर्ज केला, या वेळी ठिबकसाठी. पूर्वसंमती हातात येईपर्यंत दुकानाची पायरी चढलो नाही. मावशींचा सातबाराही आता त्यांच्या नावावर आहे. त्याच्या तीन प्रती मी त्या फाइलमध्ये ठेवल्या आहेत, आणि या महिन्यात त्यांचा पहिला अर्ज भरायचा आहे.